शेवटाचं देणं

दैनंदिन मालिका लिहिणाऱ्या माणसाला सगळं विचारलं जातं. सोमवारच्या भागाचे संवाद कुठवर आले, सासूची भूमिका करणाऱ्या बाईंच्या या महिन्यात किती तारखा आहेत, दिवाळी घरातल्या सेटवर करायची की बाहेर, परदेशातून येणाऱ्या भावाचा नट ठरला का. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही : ही गोष्ट संपते कशी? मालिकांच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला वाटतं, मी रहस्यकथा लिहायला लागले आणि शिकवायलाही लागले, ते या न विचारलेल्या प्रश्नामुळेच.

आठवड्यातले बहुतेक दिवस मी मालिकेचे संवाद लिहिते. शनिवार-रविवार नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात पटकथालेखन शिकवते. उरलेला वेळ, म्हणजे बहुतेक करून ठाण्याहून नेरूळला येणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमधला आणि रात्रीचा, रहस्यकथेचा. ओळखीच्या लोकांना ही तीन निरनिराळ्या माणसांची कामं वाटतात. एकात रोजचं रडणं-हसणं, दुसऱ्यात खडू-फळा, तिसऱ्यात खून. पण तिन्हीकडे मी करते ते एकच. कुणाला काय कळावं आणि केव्हा कळावं, हे ठरवते. फरक आहे तो शेवटाच्या मालकीचा.

मालिकेचं गणित साधं आहे. आठवड्याचे सहा भाग, म्हणजे वर्षाचे तीनशेच्या वर. जाहिराती सोडल्या तर एका भागाची वीस-बावीस मिनिटं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आधी वन लाइन, म्हणजे कथेची ढोबळ रूपरेषा, मंजूर होते, मग सीन लागतात, मग संवाद. घोडबंदरच्या सेटवर सकाळची शिफ्ट लागते तेव्हा मेकअप रूममध्ये बसलेल्या नटाच्या फोनवर रात्री लिहिलेला सीन पोचलेला असावा लागतो. हाताशी तयार भाग असले तर ‘बँक आहे’ म्हणतात. बँक संपली की आज चित्रित केलेलं उद्या-परवा दाखवायची पाळी येते. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. ते चढले तर कथेचा ट्रॅक लांबवायचा, पडले तर गुंडाळायचा. कुणी आजारी पडलं की त्या पात्राला गावी पाठवायचं. अशा रीतीने गोष्ट पुढे जाते, आणि ती पुढे जात राहावी हीच सगळ्यांची इच्छा असते, कारण तिच्यावर दीड-दोनशे घरांच्या चुली अवलंबून असतात. ‘चार दिवस सासूचे’ ई टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झाली आणि २०१३ साली थांबली. तीन हजारांहून अधिक भाग. एवढ्या काळात तिच्या प्रेक्षकांच्या घरात लग्नं झाली, बारशी झाली, माणसं गेली.

या कामाला हलकं लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. मालिकेने मला दिलेली शिस्त दुसऱ्या कशानेही दिली नसती. पहिली शिस्त कानाची. मालिकेचा प्रेक्षक पडद्यासमोर मांडी घालून बसलेला नसतो. तो जेवत असतो, आणि त्या घरातली बाई तर बऱ्याचदा स्वयंपाकघरात फोडणी देत ऐकत असते. म्हणून आम्ही संवादात माणसाचं नाव घालतो, नातं घालतो, बोलणारा कुठे उभा आहे ते घालतो. “वहिनी, त्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे होती ना?” एवढ्या ओळीत कोण कुणाशी बोलतंय, कशाबद्दल आणि कोणत्या संशयाने, हे पाठमोऱ्या बाईलाही कळतं. दुसरी शिस्त हजेरीची. प्रतिभा आज प्रसन्न नाही, असं सांगायची सोय इथे नाही. पण या दोन्ही शिस्ती अंगात मुरल्यावर एक दिवस लक्षात येतं की आपण हजारो पानं लिहिली आणि त्यांतल्या एकाही पानाला माहीत नव्हतं की आपण कुठे चाललो आहोत.

हे नेहमीच असं नव्हतं. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. दूरदर्शनच्या काळात मालिका बहुधा तेरा भागांची मंजूर व्हायची. तेरा भाग म्हणजे लेखकाला पहिल्या दिवशीच तेराव्या भागाचा विचार करावा लागे. त्याच परंपरेत ‘एक शून्य शून्य’ आली. पोलिसांच्या खऱ्या तपासकथांवर आधारलेली ही मराठी मालिका बी. पी. सिंह यांनी दिग्दर्शित केली आणि शिवाजी साटम यांना पोलिसाच्या भूमिकेत महाराष्ट्राने पाहिलं ते तिथे. पुढे १९९८च्या जानेवारीत याच दोघांची ‘सीआयडी’ सोनीवर सुरू झाली आणि तिचं पहिलं पर्व वीस वर्षं चाललं. वीस वर्षं चालली म्हणून तिला दैनंदिन मालिकेच्या रांगेत बसवता येणार नाही. तिच्या प्रत्येक प्रकरणाला शेवट होता. दार तुटायचं, गुन्हेगार सापडायचा, प्रेक्षकाचा हिशेब त्याच बैठकीत किंवा फार तर पुढच्या आठवड्यात चुकता व्हायचा. त्यामुळे मालिका लांबली, तरी गोष्ट लांबली नाही.

रहस्यकथेचं हेच मला ओढून घेणारं आहे. ती शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिली जाते. खुनी कोण हे ठरल्याशिवाय पहिल्या पानावरचा चहाचा कप कुठे ठेवायचा तेही ठरत नाही. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला एक मला सगळ्यांत मोलाचा वाटतो : गुप्तहेराला जो दुवा सापडेल तो वाचकालाही तिथल्या तिथे दाखवला पाहिजे. म्हणजे लपवायचं, पण चोरायचं नाही. सगळं वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवायचं आणि तरीही त्याला ते शेवटीच दिसावं, अशी मांडणी करायची. याला चलाखी म्हणणारे म्हणोत. मला तो वाचकाशी केलेला करार वाटतो, आणि करार मोडला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायला पुढचा भाग नसतो.

मराठीत हा करार पाळणाऱ्यांची मोठी परंपरा आहे आणि तिला आपण पुरेसा मान दिलेला नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड ही नावं एका आख्ख्या पिढीला पाठ होती. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन आणि फिरोज इराणी उभे केले. ही पुस्तकं विकत घेतली जात त्याहून अधिक भाड्याने वाचली जात. गिरगाव-दादरपासून तालुक्याच्या गावापर्यंत वाचनालयाच्या फळीवर ती फिरत राहिली, पानं सुटेपर्यंत. अशा पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं निघालं की वाचक वाचनालयवाल्याशी भांडायचा. त्या भांडणात वाचकाचा केवढा विश्वास होता! शेवट आहे आणि तो आपल्या हक्काचा आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. समीक्षेने मात्र या लेखकांना ओसरीवरच ठेवलं. शिरवळकर २००३ साली गेले. त्यांच्या ‘दुनियादारी’वर सिनेमा आला २०१३ साली, ‘समांतर’वर वेब मालिका आली २०२० साली. हे दोन्ही पडद्यावर आलं तेव्हा ते पाहायला लेखक नव्हता.

पटकथा, शिकवणं आणि गूढ अशा तिन्ही वाटा एकाच माणसाने चालून दाखवल्या त्या रत्नाकर मतकरींनी. १९५५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून झाली. पुढे बँक ऑफ इंडियातली नोकरी करत त्यांनी लिहिलं आणि १९७८ साली ती नोकरी सोडली. ‘लोककथा ७८’, ‘आरण्यक’, ‘चार दिवस प्रेमाचे’ अशी एकमेकांशी नातं न सांगणारी नाटकं एकाच हाताने लिहिली. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘फाशी बखळ’ या संग्रहांतल्या गूढकथा वाचून रात्री दिवा चालू ठेवलेली माणसं मला प्रत्येक वयोगटात भेटतात. त्या कथांवर ‘गहिरे पाणी’ ही मालिकाही झाली. आणि पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी आपल्याच कथेवरचा ‘इन्व्हेस्टमेंट’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला : शाळकरी मुलाच्या हातून घडलेला गुन्हा आणि तो झाकायला निघालेले, मुलाच्या भविष्याचे हिशेब मांडणारे आईबाप. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पण मला मतकरींच्या आयुष्यात सगळ्यांत जवळची वाटते ती मुलांची रेघ. ‘बालनाट्य’ ही संस्था त्यांनी १९६२च्या सुमारास उभी केली, ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ दिली. आणि उतारवयात, जेव्हा नाव, पुरस्कार, सगळं पदरी होतं, तेव्हा ते ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांकडे गेले. ‘नाट्यजल्लोष’ या उपक्रमात त्या मुलांनी स्वतःच्या जगण्यातून नाटुकली रचली आणि स्वतःच रंगमंचावर आणली. गूढकथेत ज्या माणसाने शेवटाची दोरी शेवटच्या ओळीपर्यंत आपल्या मुठीत ठेवली, त्याच माणसाने इथे ती मुलांच्या हातात दिली. गोष्ट तुमची, शेवटही तुमचाच. १७ मे २०२० रोजी मतकरी गेले. शिकवणं हे लेखनातून मिळालेल्या फुरसतीचं काम नसून लेखनाचाच पुढचा टप्पा आहे, हे मला त्यांच्याकडे पाहून पटलं.

माझ्या पिढीच्या जवळचं उदाहरण गिरीश जोशींचं. त्यांचं ‘फायनल ड्राफ्ट’ हे नाटक शिक्षक आणि विद्यार्थिनी या दोनच पात्रांचं. त्यातली विद्यार्थिनी मुक्ता बर्वेने केली होती. पुढे २०१७ साली झी युवावर ‘रुद्रम’ आली तेव्हा लेखन जोशींचं होतं, दिग्दर्शन भीमराव मुडे यांचं आणि मध्यवर्ती भूमिका मुक्ता बर्वेची. नवरा आणि मूल गमावलेली रागिणी त्या मृत्यूंमागचं सत्य शोधत जाते, आणि मालिका तिच्याबरोबर एका ठरलेल्या शेवटाकडे जाते. वर्षानुवर्षं न ताणता ती संपली, आणि संपली म्हणूनच तिच्याबद्दल आजही बोललं जातं. मी वर्गात ‘रुद्रम’ दाखवते ती याच कारणासाठी. रोजच्या मालिकेचा प्रेक्षक शेवट मागत नाही, हे आमच्या बैठकांमध्ये गृहीत धरलेलं असतं. ‘रुद्रम’ने ते गृहीतक खोटं ठरवलं.

आता माझ्या वर्गाबद्दल. नवी मुंबई हे असं शहर आहे की त्याचा शेवट आधी कागदावर काढला गेला. १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली. मग नोड आखले, सेक्टर पाडले, स्टेशनांच्या डोक्यावर कचेऱ्या बांधल्या. पण त्या कागदाखाली ९५ गावांची भातशेती आणि मिठागरं होती. १९८४च्या जानेवारीत, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. माझ्या वर्गात या दोन्ही शहरांची मुलं शेजारी शेजारी बसतात. एकाचे आईवडील साताऱ्याहून किंवा केरळहून येऊन सेक्टरमध्ये राहिलेले, तर दुसऱ्याचं घर गावठाणातलं, ‘गरजेपोटी’, म्हणजे कुटुंब वाढलं तसं परवानगीविना, वाढवलेलं, आणि त्याची कागदपत्रं अजून कुठल्या तरी टेबलावर असलेली.

अशा शहरात रहस्यकथा कशी लिहायची, हा प्रश्न मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात. त्यांना रहस्य म्हटलं की जुना वाडा, पाऊस आणि करकरणारं दार आठवतं. इथे तर सगळ्या इमारती एकाच वयाच्या. मी त्यांना २०१७ सालचं इथल्याच जुईनगरचं प्रकरण सांगते. एका टोळीने बँकेच्याच इमारतीत गाळा भाड्याने घेतला, तिथे किराणा-किरकोळ सामानाचं दुकान थाटलं, आणि आतून भुयार खणत लॉकरच्या खोलीपर्यंत गेली. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी बँक उघडली तेव्हा लॉकर फुटलेले होते. भुयारावर तर कुणीही लिहील. मी मुलांना विचारते ते दुकानाबद्दल. तिथे बिस्किटाचा पुडा घ्यायला गेलेल्या माणसाला काय दिसलं असेल? माल कमी आणि माती जास्त का? नव्या शहराचं रहस्य तिथे आहे. शेजारचा गाळा कुणी घेतला, हे विचारायची सवयच अजून पडलेली नाही.

गेल्या सत्रात खाडीकाठच्या गावठाणातल्या एका मुलाने पटकथा आणून दिली. गोष्ट अशी : एका जमीन-दलालाचं प्रेत ओहोटीच्या वेळी तिवरांच्या पुढे, चिखलात सापडतं. पोलीस म्हणतात, दारूच्या नशेत चालत गेला आणि रुतला. सगळ्यांना पटतं. मग मुडदा पाहायला जमलेल्या गर्दीतली एक म्हातारी, आयुष्यभर खाडीत निवट्या आणि खुबे धरलेली, एकच वाक्य बोलते : “चिखलान चपला घालून कोन जातं रं?” प्रेताच्या दोन्ही पायांत चपला होत्या. खाडीचा चिखल पाय उचलू देत नाही. पहिल्या चार पावलांतच चपला ओढून घेतो. ज्याच्या पायात चपला शाबूत आहेत तो त्या चिखलातून चाललेलाच नाही, त्याला भरतीच्या वेळी होडीतून आणून टाकलेलं आहे.

मी ते पान वर्गात मोठ्याने वाचलं. सेक्टरमधली मुलं त्या मुलाकडे बघत राहिली. त्याने चपलांचा उल्लेख पहिल्याच सीनमध्ये केला होता. हवालदार पंचनाम्यात लिहितो, ‘पायात काळ्या चपला, दोन्ही,’ आणि पुढे सरकतो. नॉक्सचं नावही तोवर त्याने ऐकलं नव्हतं, आणि नियम तंतोतंत पाळला होता. “हे कुठून सुचलं?” असं एका मुलीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “सुचलं नाही. आजीबरोबर लहानपणी जायचो. माझ्याच दोन चपला गेल्यात तिथे.”

मी त्याला एकच गोष्ट विचारली. खुनी सापडल्यावर त्या म्हातारीचं काय होतं? त्याच्या संहितेत ती दुसऱ्या अंकानंतर दिसतच नव्हती. हा प्रश्न मला मालिकेने शिकवला आहे. मालिका माणसांना सोडत नाही. घरातल्या सगळ्यात छोट्या पात्रालाही ती कधी ना कधी विचारते, तुझं काय चाललंय. रहस्यकथा गुन्ह्याचा शेवट देते, पण माणसांना वाटेत विसरण्याचा धोका तिच्यात असतो. मुलाने पुढच्या मसुद्यात म्हातारीला परत आणलं. जमिनीच्या ज्या व्यवहारातून खून झाला, त्या व्यवहाराच्या कागदावर तिचाच अंगठा निघाला. तिने एका वाक्यात जो तपास सोडवला, त्यात तिचंच घर जाणार होतं, आणि तरी ती बोलली होती. हा शेवट मी दिलेला नाही. मला तो सुचलाही नसता. माझा हात प्रश्नापर्यंतच होता.

पटकथालेखनाचा असा प्रवास करणाऱ्याने शेवटी काय कमावलं, असं मला कुणी विचारलं तर मी मानधनाचे आकडे आणि भागांची संख्या सांगणार नाही. मालिकेने मला माणसांजवळ बसायला शिकवलं. रहस्यकथेने, बसलेल्याला उठताना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हे शिकवलं. आणि शिकवण्याने हे दाखवलं की काही गोष्टींचा शेवट आपल्याहून दुसऱ्या कुणाला जास्त ठाऊक असतो, तेव्हा आपण वेळेवर थांबायचं असतं.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. मराठी वाहिन्यांनी नव्या मालिकेच्या पहिल्या बैठकीत शेवट विचारावा. लेखकाने तो लिहून द्यावा, मग गोष्ट शंभर भागांची होवो की पाचशेची. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात अर्नाळकर, नाईक, शिरवळकर यांच्या रचनेचा अभ्यास व्हावा, कारण गोष्ट बांधण्याचं एवढं मोठं शिक्षण आपल्याच भाषेत पडून आहे. दिवसभर राबून आलेला माणूस रोजचा अर्धा तास आपल्या हवाली करतो, वर्षानुवर्षं करतो. एवढ्या वेळाच्या बदल्यात त्याला एक नीट जुळलेला, त्याच्या डोळ्यांसमोरच्या दुव्यांतून उगवलेला शेवट मिळालाच पाहिजे. तो देण्याची तयारी असेल त्यानेच पहिलं वाक्य लिहावं.